दात्यांची खोली

बंगळूर,
रविवार, ९ जुलै १९९५

ती. अक्का,

नमस्कार. आश्रमात देणगीदारांना पत्रं लिहिताना तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलेला लांबलचक मायना इथे घालत नाही. तो लिहिता लिहिता अर्धं पान संपतं आणि इथे कागद मला विकत घ्यावा लागतो. मी बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? धाकट्या मुलींच्या डोक्यातल्या उवा गेल्या की नाही?

कॉलेज सुरू झालं. खानापुरात मी हुशार होते, इथे आल्यावर साधारण झाले, त्याचं विशेष दुःख नाही. पहिल्याच दिवशी कारकुनाशी वाजलं. इथे आडनावाला कोणी विचारत नाही, नावापुढे बापाच्या नावाचं इंग्रजी अक्षर लागतं. ‘इनिशियल?’ म्हणाला. मी म्हटलं, नाही. ‘नाही असं नसतं,’ म्हणाला. मग मी म्हटलं, लावा एस. कशाचं ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता मी अनुसूया एस.

युनिव्हर्सिटीत आमच्यासारख्या अनाथांसाठी एक ऑफिस आहे, विद्यार्थी कल्याण विभाग. तिथे शिवकुमार नावाचे अधिकारी बसतात. माणूस गोड बोलतो, चहा विचारतो आणि काम करत नाही. काहीही विचारा, ‘आगुत्ते अम्मा, स्वल्प वेट माडी,’ म्हणजे होईल बाई, जरा थांब. भिंतीवर आमच्या कल्याणाचा एक तक्ता आहे, त्यावर कोळ्याने जाळं विणलंय. बहुतेक त्याचंच कल्याण झालं असावं.

आता मुख्य गोष्ट. हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलीला गावात एक पालक लागतो, लोकल गार्डियन म्हणतात. तो सही करतो, रविवारी जेवायला बोलावतो आणि मोठ्या सुटीत हॉस्टेलला कुलूप लागलं की तिला घरी ठेवून घेतो. पालक नाही तर हॉस्टेल नाही, हॉस्टेल नाही तर कॉलेज नाही. ज्यांना कोणीच नाही त्यांना पालक मिळवून देण्याचं काम इथल्या जुन्या मराठी व्यापाऱ्यांच्या एका निधीने पत्करलंय. युनिव्हर्सिटीला ते सोयीचं पडलं.

निधीचा समारंभ झाला. आम्हाला एकेकाला स्टेजवर बोलावलं. माइकवरून आधी नाव, मग ‘निराधार’, मग टाळ्या. विनोदकुमार म्हणून एक मुलगा आहे, त्याचे वडील वारलेत पण आई आहे. त्याला ‘अर्ध-निराधार’ म्हणाले. टाळ्याही त्याला जरा कमीच पडल्या. निधीचे अध्यक्ष गुंडूराव. तीन पिढ्या बंगळुरात, चिकपेटेत साड्यांचं दुकान, जे. पी. नगरात घर. भाषणात म्हणाले, ‘ह्या मुली म्हणजे माझ्याच मुली.’ पहिल्या रांगेत त्यांची बायको धनलक्ष्मीबाई पदराने चष्मा पुसत होती. दात्यांचे गहिवर मी लहानपणापासून पाहत आलेय, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. मग जाहीर झालं की माझे पालक खुद्द अध्यक्षच.

पहिल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले. दारातच म्हणाले, ‘ये मा, ये. लाजू नको. ऊट तयारच हाय.’ ऊट म्हणजे जेवण. ताटात श्रीखंड होतं. अक्का, तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याला श्रीखंड दिसलं की काय कळतं ते. कुणाचे तरी आजोबा गेले, कुणाच्या तरी काकूचं वर्षश्राद्ध आलं, की आपल्याकडे गोडाची ताटं वाढली जायची. दाते समोर उभे राहायचे, आपण हात जोडून त्या मेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मग घास उचलायचा. मी हात जोडले आणि विचारलं, ‘कुणाचं नाव घ्यायचं?’

कोणी गेलेलंच नव्हतं. रविवार म्हणून श्रीखंड केलं होतं. लोक रविवार म्हणून सुद्धा श्रीखंड करतात हे मला अठराव्या वर्षी कळलं. धनलक्ष्मीबाईंच्या हातातली पळी खाली पडली. गुंडूरावांना मात्र ही पद्धत भलतीच आवडली. मला पुन्हा पुन्हा सांगायला लावली, मग म्हणाले, ‘बघा, ह्याला म्हणतात संस्कार.’ मी तीनदा श्रीखंड घेतलं.

माझ्या खोलीत रूपश्री जी. नावाची मुलगी आहे. एक वर्ष पुढे आहे. मराठी उत्तम येतं पण लागेल तेवढंच बोलते. स्वतःच्या घरचं काही सांगत नाही, दुसऱ्याच्या घरचं मात्र सगळं हवं असतं. गुंडूरावांकडून आले की विचारते, भाजी कसली होती, चहात आलं होतं का, वाढलं कुणी. फुकटच्या जेवणाची इतकी चौकशी आपल्या आश्रमात सुद्धा कोणी करत नव्हतं. हावरट आहे, पण स्वच्छ राहते.

सुटीत मी कुठे जाईन याची काळजी करू नका. गुंडूरावांनी सगळ्यांदेखत सांगितलंय, एप्रिल-मे मी त्यांच्याकडे. म्हणजे तुमच्यावर नियमाचा प्रसंग येणार नाही. चंपाच्या वेळी आला होता तसा. सासरहून मार खाऊन आली होती ती. अठरा उलटलेल्या मुलीला आश्रमात रात्री ठेवता येत नाही म्हणून तुम्ही तिला भाकरी बांधून एस.टी. स्टँडवर पाठवलंत. आणि दात्यांची खोली, आपल्याकडचा एकुलता एक गादीचा पलंग आणि मच्छरदाणी, रिकामी होती. दुपारी मीच ती झाडली होती. मी काही म्हणत नाही. सहज आठवलं.

आपली आज्ञाधारक (सवयीने),
अनुसूया


बंगळूर,
रविवार, १ ऑक्टोबर १९९५

ती. अक्का,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन उवांबद्दल. चंपाबद्दल एकही नाही. ठीक आहे. मी बरी आहे.

तुमच्याकडे गणपती दूध प्यायला का? इथे प्यायला. त्या दिवशी कॉलेज ओस पडलं. शिवकुमारसाहेब ऑफिसला कुलूप लावून भांडं घेऊन रांगेत उभे होते. दगडाला दूध पाजायला त्यांना सगळा दिवस वेळ होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात रूपश्री त्यांच्याकडे मदत मागायला गेली होती. मी सोबत होते. त्यांनी विचारलं, ‘फादर एक्स्पायर्ड?’ ती म्हणाली, नाही. ‘मदर?’ नाही. ‘मग प्रॉब्लेम काय आहे अम्मा?’ ती म्हणाली, मला घर नाही. ते हसले आणि म्हणाले, ‘आईबाप आहेत म्हणजे घर आहे. जाऊन स्वल्प सॉरी म्हणा.’ तरी त्यांनी अर्ज निधीकडे पाठवला. निधीने तो न वाचताच परत केला असावा, कारण दुसऱ्या दिवशीच आला. निधी फक्त निराधारांसाठी आहे. माझ्याजवळ अनाथ असल्याचा दाखला आहे, त्यावर ‘सुनंदा’ अशी तुमची सही आणि गोल शिक्का आहे. तिच्याजवळ काहीच नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंत असल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी ती प्रथमच घरचं बोलली. बापाने धंद्यातल्या भागीदाराच्या मुलाशी लग्न ठरवलं. तिला शिकायचं होतं. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी ती पुस्तकं घेऊन निघाली. बापाने तिच्या नावाने आंघोळ केली. म्हणजे नुसती बोलण्यापुरती नाही. अंगणात उभं राहून डोक्यावरून पाणी घेतलं आणि आईलाही घ्यायला लावलं. गेल्या उन्हाळ्यात ती व्हाइटफील्डला एका म्हाताऱ्या मडमेची कुत्री सांभाळून राहिली. कॉलेजच्या एका बाईंनी दया येऊन तेवढ्यापुरती सही केली होती. मी विचारलं, बाप करतो काय? ती म्हणाली, समाजसेवा. मी हसले. तीही हसली. मला तेव्हाही काही कळलं नाही, यावरून तुम्ही माझ्या हुशारीचा अंदाज घ्या.

मग गेल्या रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. गुंडूरावांनी निधीच्या आम्हा सगळ्या मुलांना जेवायला बोलावलं. मी पाय धुऊन पाटावर बसले आणि पान पाहिलं. खीर आणि वडे. या वेळी चूक होण्यासारखी नव्हती. खीर-वडे कोणी रविवार म्हणून करत नाही. मी मनात म्हटलं, कोण गेलं असेल ते असो, वडे गरम आहेत.

गुंडूराव सोवळं नेसून मधे उभे राहिले. म्हणाले, ‘ही पद्धत आम्हाला आमच्या अनुसूयेनं शिकवली. सगळ्यांनी हात जोडा मा. नाव घ्या. कुमारी रूपश्री. माझी मुलगी होती. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत आम्हाला सोडून गेली.’ आवाज कापरा केला होता. मुलांनी खाली माना घालून एका सुरात नाव घेतलं. विनोदकुमारने तर डोळे पुसले.

मी वर पाहिलं. धनलक्ष्मीबाई खिरीचं भांडं घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. त्यांची हनुवटी रोज सकाळी मी माझ्या खोलीत पाहते, आरशासमोर वेणी घालताना. रूपश्री जी. मधलं जी कुणाचं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तीन महिने दर रविवारी ती विचारत होती, भाजी कसली, चहात आलं होतं का, वाढलं कुणी. आणि मी तिला हावरट म्हणत होते. तुम्हालाही तसंच लिहिलं होतं.

अक्का, मला राग आला असं तुम्हाला वाटेल. राग नाही आला. किळस आली. आपण ज्यांच्या ज्यांच्या नावाने जेवलो ते निदान मेलेले तरी होते. आपण त्यांचं काही लागत नव्हतो, त्यांचे लोक आपल्याला पुन्हा वर्षभर विचारत नव्हते, पण माणूस खरंच गेलेला असायचा. हा माणूस धडधाकट मुलगी असताना तिचं श्राद्ध घालतो, वर दुसऱ्याच्या मुलींना माझ्या मुली म्हणतो. आणि तिचा अर्ज त्याच्याच टेबलावरून परत गेला होता.

मी ते नाव कधी घेते याची सगळे वाट पाहत होते. मी म्हटलं, ‘काका, रूपश्री माझ्याच खोलीत राहते. मी निघाले तेव्हा कपडे वाळत घालत होती, तिचं जेवण व्हायचं असेल. तिचं पान डब्यात भरून द्या, मी नेऊन देते.’

एवढंच म्हटलं, आणि आवाज न चढवता. तुम्हीच शिकवलंय, पंगतीत आवाज चढवायचा नाही.

गुंडूराव म्हणाले, ‘काय बोलतीस मा तू? तुला काय तरी घोटाळा झालाय.’ कोणी जेवेना. मग धनलक्ष्मीबाई आत गेल्या आणि पितळी कड्यांचा तीन पुडांचा डबा घेऊन आल्या. तिथेच खाली बसून भरायला लागल्या. एकात वडे, एकात आमटी-भात, एकात खीर. गुंडूराव म्हणाले, ‘धनलक्ष्मी, ठेव तो खाली.’ त्यांनी मान वर केली नाही. खीर काठोकाठ भरली, झाकण दाबलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘बसमध्ये सरळ धर मा. सांडंल.’ त्या घरात मी त्यांचं ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं तेच.

मी डबा सरळ धरून आणला. रूपश्रीने तो पाहिला आणि कडीवरून बोट फिरवलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे माझ्या श्राद्धाचं जेवण माझ्यासाठीच उरलं.’ मग खाली बसून सगळे वडे खाल्ले. खीर तोंडात घातली तेव्हा थांबली. म्हणाली, ‘वेलची नाही घातली.’ मी म्हटलं, विसरल्या असतील गडबडीत. ती म्हणाली, ‘मला वेलची चालत नाही.’ अक्का, गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं असतं ना त्या दिवशी? त्या बाईने नवऱ्याच्या हुकमाने श्राद्धाचा स्वयंपाक केला आणि मुलीला आवडेल तसा केला. यावर हसायचं की रडायचं ते मला ठरवता आलं नाही. रूपश्री रडली.

त्यानंतर गुंडूरावांकडे माझं जाणं झालेलं नाही. इतकंच. सुटीचं विचाराल तर सुटी अजून लांब आहे.

दसऱ्याला आश्रमात कोण दाते आहेत? कुणाचं नाव घेणार?

आपली आज्ञाधारक,
अनुसूया


बंगळूर,
रविवार, ७ एप्रिल १९९६

ती. अक्का,

मधे बरेच महिने लिहिलं नाही. अभ्यास होता. खरं म्हणजे अभ्यास एवढा नव्हता. तुमची दोन कार्डं मिळाली. गुडघ्यांना तेल चोळून घेत जा, मोठ्या मुलींना सांगा, त्या नुसत्या रिकाम्या बसतात. मी बरी आहे. परीक्षा संपत आलीय. इथे कलिंगडं स्वस्त झालीत.

डब्याचं राहिलंच. मी तो धुऊन परत नेणार होते. रूपश्री म्हणाली, रिकामा कसा द्यायचा? आमच्याजवळ ना चूल ना भांडं. तिने एका पुडात साखर भरली. मी डबा चिकपेटेत दुकानावर नेला आणि भर गिऱ्हाइकांत गुंडूरावांच्या गादीवर ठेवला. म्हटलं, रूपश्रीने पाठवलाय, काकूंना द्या. एक बाई साडी अंगावर लावून बघत होती, तिने विचारलं, ‘रूपश्री म्हणजे तुमची मुलगी ना? काय करते हल्ली?’ गुंडूराव साडीच्या पदराबद्दल बोलायला लागले. पदर चांगला होता.

पंधरवड्याने डबा हॉस्टेलच्या गेटवर आला, भरलेला. वॉचमन म्हणाला, एक बाई ऑटोतून आल्या, देऊन गेल्या, थांबल्या नाहीत. रूपश्रीने वरच्या खिडकीतून ऑटो वळताना पाहिली. खाली गेली नाही. तेव्हापासून डबा असा येतो-जातो. त्या बाईची मला कीव येते आणि चीडही येते. डबा देता येतो, तर हाताला धरून मुलीला घरात घेता येत नाही का? पण मी हे रूपश्रीला म्हणत नाही. ती पूड उघडून वास घेत असते तेव्हा काही बोलवत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

अमावास्येनंतर आठवड्याच्या आतच गुंडूरावांनी माझं पालकत्व काढून घेतलं. निधीने युनिव्हर्सिटीला कळवलं की मुलीचं वर्तन कृतघ्नपणाचं आहे. शिवकुमारसाहेबांनी ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला म्हणाले, ‘वर्ष संपेपर्यंत मी हे पाहिलं नाही. स्वल्प अड्जस्ट माडी.’ मी ज्या आळसाला इतकी नावं ठेवली त्याच आळसावर माझं वर्ष निघालं. आता वर्ष संपलं. २० तारखेला हॉस्टेलला कुलूप लागेल. जूनमध्ये पुन्हा प्रवेश घेताना पालकाची सही लागेल, नाहीतर जागा दुसरीला जाईल. रूपश्रीचंही तेच. तिच्यासाठी सही करणाऱ्या बाई बदलून गेल्या आणि व्हाइटफील्डची मडम कुत्र्यांसकट मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेली. रूपश्री म्हणाली, मडमेने जाताना कुत्र्यांइतकी तरी माझी सोय करायला हवी होती.

गेल्या आठवड्यात गुंडूरावांचा निरोप आला, शिवकुमारसाहेबांमार्फत. ते उदार मनाने सगळं विसरायला तयार आहेत. पुन्हा पालक होतील, सुटीत ठेवून घेतील, पुढची दोन्ही वर्षं सही देतील. मी फक्त निधीच्या सभेत उभं राहून म्हणायचं की त्या दिवशी माझी चूक झाली, माझ्या खोलीतली रूपश्री दुसरीच कुणी आहे. साहेब म्हणाले, ‘एक वाक्य आहे अम्मा. सरी म्हणा आणि मोकळी व्हा.’ सरी म्हणजे बरं. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करताहेत.

मी एक दिवस मागून घेतला. हे तुम्हाला सांगते, कारण मी लगेच नाही म्हटलं असं तुम्हाला वाटायला नको. दिवसभर विचार केला. रूपश्री म्हणाली, ‘म्हण. माझं आणखी काय जायचंय?’ दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं, ‘साहेब, मी लहानपणापासून मेलेल्यांच्या नावाने जेवत आले. ते सगळे खरे मेलेले होते. खोट्या मेलेल्याचं नाव मी घेणार नाही.’ त्यांना किती समजलं ते माहीत नाही, माझं कन्नड अजून कच्चं आहे. पण त्यांनी नियमांचं पुस्तक काढून चाळलं. मग म्हणाले, नियमात पालक असा शब्द आहे, गावातलाच हवा असं लिहिलेलं नाही. सुटीत मुलीला ठेवून घेणारं कोणीही मोठं माणूस चालेल, कुठल्याही गावचं. वर्षभरात त्यांनी केलेलं हे पहिलं काम. ते तक्त्यावरचं जाळंही काढलेलं दिसलं, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.

म्हणून, अक्का, आश्रमाच्या दप्तरी पुढील मजकुराची नोंद घ्यावी.

आम्ही दोघींनी शिकवण्या करून थोडे पैसे साठवलेत. त्यातून आश्रमातल्या सगळ्या मुलींना एक जेवण द्यायचं आहे. तारीख एक जून. ज्यांची जन्मतारीख ठाऊक नाही त्या सगळ्यांना तुम्ही शाळेत हीच लावली, माझीही हीच. जेवणात श्रीखंड. खीर-वडे नकोत. आणि दात्यांची एक अट आहे, दाते अटी घालतातच. त्या दिवशी हात जोडून कुठल्याही मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. प्रत्येकीने आपापलं नाव मोठ्याने घ्यावं आणि जेवायला लागावं. तुम्ही भिंतीशी उभ्या राहायचं नाही, पंगतीत बसायचं.

जेवण देणाऱ्या दात्यांना दात्यांच्या खोलीत राहता येतं, असा आपला नियम आहे. त्यांच्या वयाबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही, मी तो पाटीवर रोज वाचला आहे. जेवणाच्या किती दिवस आधी यावं हेही लिहिलेलं नाही. आम्ही जरा लवकर येऊ. २१ एप्रिलला सकाळी पोचू. पलंग एकच आहे ते ठाऊक आहे. रूपश्री पलंगावर झोपेल, मी खाली. झाडायचं मी करीन, मला तिथली धूळ कुठे साठते ते माहीत आहे. तुमचे विश्वस्त विचारतील, तर त्यांना सांगा, दाते आहेत.

इथपर्यंतचं सगळं मी हसत लिहिलं. आता हसू येत नाही. चंपा गेली त्या रात्री मी ठरवलं होतं की तुमच्या दारात कधी मागायला यायचं नाही. मी निघाले त्या दिवशीही तुम्ही गेटपर्यंत आला नाहीत, ऑफिसच्या पडद्याआडून पाहत होतात. मला वाटलं, एक गेली, ताट कमी झालं, एवढंच तुम्ही मोजत असाल. तसं असेल तर तसं लिहा, मी दुसरं काही बघेन. पण मला भीती वाटते, अक्का. वीस तारखेला गेटला कुलूप लागलं की कुठल्या बाजूला चालायला लागायचं ते मला माहीत नाही.

आणखी एक. कारकुनाने अक्षर विचारलं तेव्हा मी एस सांगितलं होतं. तुम्ही त्यावर कधी काही विचारलं नाहीत, म्हणून मीही लिहिलं नाही. इथे ते अक्षर बापाच्या नावाचं लावतात. मला तसं कोणी माहीत नव्हतं, तेव्हा मी सुनंदाचं लावलं. तुम्हाला न विचारता लावलं. वर्षभर हजेरीला मी त्याच नावाने ओ दिली आहे, आता दुसरं लावून घ्यायची माझी इच्छा नाही. पालक म्हणून सही करायला त्या नावाचं माणूस लागेल.

चार ओळींचं कार्ड पुरे आहे. उवांबद्दल नंतर लिहा.

तुमची,
अनुसूया एस.